मोकळी झालेली बाई

आठ मार्च २०१२. छत्तीस घरांची वर्गणी, दीडशेप्रमाणे पाच हजार चारशे रुपये. हजर: नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या सव्वीस बायका, अध्यक्ष, सेक्रेटरी आणि व्याख्यानाला बोलावलेल्या एक डॉक्टरबाई. विषय होता पाळी जाण्याच्या वयातलं आरोग्य. बॅनरवर मात्र ‘स्त्री : घराचा कणा’ असं छापलं होतं. ‘पाळी’ हा शब्द गेटवर बरा दिसत नाही, असं अध्यक्षांचं मत. त्याच गेटवर मूळव्याधीच्या दवाखान्याची जाहिरात बारा महिने असते.

पहिला पाऊण तास शाल-नारळात आणि अध्यक्षांच्या भाषणात गेला. ते आपल्या आईच्या त्यागावर बोलले. त्यांची बायको तेव्हा मागे वडे मोजत होती.

माझ्या शेजारी माझी मोठी जाऊ बसली होती, कळंबोलीहून आलेली. दोन वर्षांपूर्वी तिची पाळी थांबली, तेव्हा आमच्याकडे आनंदच झाला. “आता तू मोकळी,” सासूबाई म्हणाल्या. मोकळी म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकाला कधीही हजर. चुलत्यांची धरून चार घरं. गणपती असो की सत्यनारायण, नैवेद्य तिनेच करायचा. अंगातून वाफा निघत, झोप उडालेली, तरी ती शेगडीपाशी. बदल्यात वर्षाला चार ब्लाउजपीस. त्यातला एक तर तिनेच कुणाला दिलेला, फिरून आला होता.

शेवटी डॉक्टरबाईंना दहा मिनिटं मिळाली. त्या म्हणाल्या, “पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थोडं जरी रक्त दिसलं, तरी ती पाळी नव्हे. लगेच...”

सेक्रेटरींनी माईक काढून घेतला. “मॅडम, आहारावर बोला ना. नाचणी वगैरे. लहान मुलं आहेत.”

लहान मूल एकही नव्हतं. समजेनं लहान म्हणायचं तर सेक्रेटरीच.

जावेने माझा हात धरला. “लगेच काय म्हणत होत्या गं त्या?”

“का?”

“मला जानेवारीपासून दिसतंय.”

“वहिनी, कोणाला सांगितलंत?”

“वन्संना. म्हणाल्या, वहिनी, परत तरुण झालात की. सासूबाईंना कसं सांगू? मध्ये प्रसादाचा शिरा मीच केला ना.”

मी उभी राहिले. “बाई, लगेच काय करायचं? वाक्य पुरं करा.”

अध्यक्ष पंख्याकडे बघू लागले.

“लगेच तपासून घ्यायचं,” डॉक्टरबाई माईकशिवायच म्हणाल्या. “बहुतेकदा साधं कारण निघतं, पण कधी कॅन्सरही असतो.”

मागच्या तिघींनी खुर्च्या पुढे ओढल्या. नाचणीबद्दल कोणीच विचारलं नाही.

सोमवारी मी जावेला दवाखान्यात नेलं. गर्भाशयात लहानशी गाठ होती. काढली, तपासायला पाठवली, साधी निघाली. रिपोर्ट येईपर्यंत ती धड जेवली नव्हती. घरी कळलं तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न असा: “म्हणजे तो शिरा विटाळातलाच?”

“तुम्ही दोनदा मागून घेतला होतात,” जाऊ म्हणाली.

श्रावणातल्या सत्यनारायणाला ती आली ती ठेवणीतली साडी नेसून, आणि पाहुण्यांत जाऊन बसली. सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, “मी आता मोकळी आहे.”

ऐनवेळी आचारी बोलवावा लागला. तो कोण, कुठला, आंघोळ करून आला की नाही, कोणी विचारलं नाही. सासऱ्यांनी त्याला रोख सतराशे रुपये दिले.