चामड्याचा पिट्ठू

रेक्झिनची ती बॅग एक ना एक दिवस दगा देणार, हे मला ठाऊक होतं. पण नवी घ्यायचा कंटाळा आणि जुनीला शिव्या द्यायची सवय, दोन्ही माझ्या अंगात मुरलेल्या. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. राहायला सौंसरला, कामाला पांढुर्ण्याच्या एका फोटो स्टुडिओत. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने परत यायचं. मालक दुकानात बसत आणि बाहेरगावची लग्नं, साखरपुडे, बारशी माझ्या वाट्याला येत. कॅमेरा मालकांचा होता. दोन भिंगांचा, वरून मान घालून बघायचा, एका रोलमध्ये बारा फोटो देणारा. सोबत फ्लॅशगन, तिचे सेल, डझनभर रोल आणि भिंग पुसायचं पिवळं फडकं. एवढा सगळा संसार त्या एका खांद्यावरच्या बॅगेत कोंबलेला असे.

बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि बॅग मांडीवर घेता आली, तर तो दिवस सोन्याचा. पण मंगळवारी आणि शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणारे भक्त, आणि हंगामात संत्र्याच्या पेट्या. जिथे उभं राहायची मारामार, तिथे मांडी कुठली? बसमधून उतरल्यावर पुढे खेड्यात जायचं ते भाड्याच्या सायकलने. बॅग पुढे घेतली की हँडलमध्ये अडकायची, मागे ढकलली की घसरून पुन्हा पुढे यायची. शेवटी एका वळणावर बस गचकन थांबली आणि बॅगेचा पट्टा तुटला. भिंगं वाचली, पण कॅमेऱ्याचा एक कोपरा चेपला.

मालकांनी तो कोपरा अंगठ्याने चाचपून पाहिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"हे पाह बाबू," ते म्हणाले, "चांगली मजबूत बॅग कर. नाही तर उद्यापासून डार्करूममंदी बस. कॅमेरा आता असा बाहेर जाणार नाही."

डार्करूम म्हणजे लाल बल्ब, हायपोचा उग्र वास आणि दिवसभर बंद दार. मला ते जमण्यासारखं नव्हतं. मला उन्हात, माणसांत राहायचं होतं. म्हणून मी बॅग शोधायला लागलो, आणि एकदा डोक्यात घेतलं की मी कोणाचं ऐकत नाही.

आधी पत्र्याची पेटी पाहिली. ती मजबूत खरी, पण आतलं सामान खडखड वाजायचं आणि सायकलच्या कॅरिअरवर प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट कॅमेऱ्याला बसायचा. मग एक दिवस पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडी थांबली आणि एक फौजी चहाला उतरला. त्याच्या पाठीवर पिट्ठू होता, दोन खांद्यांना दोन पट्टे. एका हातात चहा, दुसऱ्या हातात भजी, आणि पाठीवरचं ओझं जणू त्याचं नव्हतंच. असाच आपल्यालाही पाहिजे, हे मी तिथेच ठरवलं.

ओळखीच्या टेलरकडून कनातीच्या कापडाचा पिट्ठू शिवून घेतला. कॅमेरा ठेवण्याआधी त्याची परीक्षा घेतली. आत कोरडा पेपर ठेवून वरून तांब्याभर पाणी ओतलं. पेपर भिजला. मग आत आरसा ठेवून धुळीच्या रस्त्याने सायकल पिटाळली. आरशावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसली होती. टेलरला मी बरंच बोललो. तो बिचारा म्हणाला, "कापड कापडाचंच काम करते ना भाऊ."

स्टँडजवळ एक म्हातारे काका चामड्याचं काम करायचे. बैलांचे पट्टे, घुंगरांच्या माळा, चपला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीचं माप दोरीने घेतलं.

"म्हशीचं चामडं लावतो," ते म्हणाले. "आतून लोकरीचा नमदा देतो जाड. कॅमेऱ्याचा खण येगळा, फ्लॅशचा येगळा. पाणी का, धूळ का, काही जाणार नाही. तू म्हातारा होशीन, पण हा पिट्ठू मरणार नाही."

मला तेच पाहिजे होतं. त्या रात्री जेवताना मी घरी सांगितलं. बाबांचा हात ताटातच थांबला.

"कायचा?"

"चामड्याचा."

बाबांनी ताटातच पाणी सोडलं आणि हात धुतला. अर्धी भाकर तशीच राहिली. बाबा एका कचेरीत शिपाई होते. खाकी कपडे रोज धुतलेले, साहेबांच्या फायली छातीशी धरून चालायचे. पायात रबरी चपला, कमरेला कापडी पट्टा. मला तो चिक्कूपणा वाटायचा, आणि मी तसं मित्रांत हसून सांगायचोही. या माणसाच्या अंगावर चामड्याची एकही वस्तू नाही, हे मला बावीस वर्षांत कधी दिसलंच नव्हतं.

"गावातलं ढोर मेलं की आमाले हाक येये," बाबा म्हणाले. "ओढत गावाबाहेर न्यायचं. सोलायचं. मंग ते ओलं चामडं खांद्यावर टाकून मोठ्या घरी नेऊन द्यायचं, मागच्या दारानं. माह्या बापानं केलं, मीही केलं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्याच दिवशी माह्या बापानं सुरी नदीत फेकली. तवापासून या घरातल्या कोणाच्या खांद्यावर चामडं चढलं नाही."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव आगीत तेल ओतायचा.

"हे इकत घेतलेलं चामडं आहे बाबा. अन् ते स्टँडवरचे काका दिवसभर तेच शिवून राहिले. त्यायले काय कमीपणा आहे?"

"त्याचा तो धंदा आहे. त्याचे दाम तो सांगते. आमाले दाम कोणी इचारला नाही."

"तीस वर्षं होत आली त्याले. ते गाव तुमच्याच डोक्यात राहिलं. लोकायच्या डोक्यातून कधीचं गेलं."

"गेलं असन तर चांगलंच आहे," असं म्हणून बाबा बाहेर खाटेवर जाऊन बसले. माय माझ्यावर चिडली. "दुसरं काही भेटूनच नाही राहिलं का तुले?" मी तिलाही उत्तर दिलं असतं, पण ती तोवर ताट उचलून आत गेली होती.

पिट्ठू झाला. गडद तपकिरी, रुंद पट्ट्यांचा, पितळी बकलांचा. माझ्या दोन्ही परीक्षांत तो पहिल्या नंबराने पास झाला. पेपर कोरडा, आरसा लख्ख. सायकलवर माझे दोन्ही हात हँडलवर, आणि बसमध्ये कितीही रेटारेटी झाली तरी आतला कॅमेरा झोपलेल्या लेकरासारखा शांत. मालकांनी वर-खाली करून पाहिला आणि बाहेरची कामं पुन्हा माझ्याकडे आली. घरी मात्र मायने तोडगा काढला होता. कॅमेरा कपाटात, पिट्ठू बाहेर ओसरीच्या खिळ्याला. नव्या चामड्याचा वास येई म्हणून बाबा तिथून जाताना तोंड दुसरीकडे फिरवत. त्यांनी त्याला कधी हात लावला नाही. मला त्याचा राग यायचा. आपल्याच घरात आपली वस्तू बाहेर का, असं मी मायला ऐकवायचो, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मग मोहगावच्या पुढच्या एका गावातून लग्नाचं काम आलं. ते बाबांचंच गाव होतं. मी जन्मलो सौंसरला, त्या गावात कधी राहिलो नव्हतो. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "कोणाच्या घरी?" मी सांगितलं. ते गावातलं सगळ्यांत मोठं घर होतं. बाबा "बरं" म्हणाले आणि आपल्या चपला शोधायला लागले.

सायकल मांडवाबाहेर लावून मी पाठीवर पिट्ठू घेऊन आत शिरलो. लोकांनी आनंदाने वाट करून दिली. फोटोवाल्याची सगळेच वाट बघत असतात. ओसरीत खाटेवर घरातले सर्वांत म्हातारे गृहस्थ बसले होते.

"कोणाचा रे तू?"

स्टुडिओचं नाव सांगून मला सुटता आलं असतं. मी मुद्दाम आजोबांचं नाव सांगितलं. काळ बदलला आहे, हे मला त्या ओसरीतच सिद्ध करून घ्यायचं होतं आणि संध्याकाळी बाबांना जाऊन सांगायचं होतं.

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, त्यात कपट नव्हतं.

"अरे वा! तुहा आजा लय ताकदीचा माणूस. मेलेला बैल एकटा ओढून नेये." मग त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली. "अन् तू अजून चामडंच वाहून राहिला का?"

आजूबाजूचे हसले. तेही प्रेमानेच हसले असावेत. म्हातारे हात हलवत म्हणाले, "ते आत नोको नेऊ बाप्पा. आत देवक बसलं आहे. गोठ्यात ठेव, तिथं कोणी हात लावत नाही."

उत्तर देण्यात मी कोणाला हार जात नसे. त्या दिवशी मात्र मी कॅमेरा आणि फ्लॅश काढून घेतला, आणि पिट्ठू गोठ्यात कुटाराच्या, गुरांना घालायच्या भुसा-काड्यांच्या, ढिगावर नेऊन ठेवला. हात धुवून आत गेलो. देवकाजवळ कोण्या पाहुण्याची चामड्याची सुटकेस आडवी ठेवलेली होती, माझ्या पिट्ठूसारखीच तपकिरी. तिच्यावर हळदीकुंकवाचं ताट होतं.

बारा फोटो झाले की रोल संपायचा. रोल पिट्ठूत, पिट्ठू गोठ्यात. म्हणजे बारा फोटो झाले की गोठा. सगळे रोल एकदाच खिशात घालून आणता आले असते, हे मलाही कळत होतं. पण दर वेळी मी ठरवून जायचो, की आता पिट्ठू उचलायचा, पाठीवर घ्यायचा, आणि सगळ्यांच्या देखत आत नेऊन त्या सुटकेसशेजारी ठेवायचा. काय म्हणतील ते म्हणतील. आणि दर वेळी बैलाच्या आडोशाला रोल बदलून, पिट्ठूचं झाकण लावून, नुसता कॅमेरा घेऊन परत यायचो. असं सात वेळा झालं. मांडवात उभा राहून मी लोकांना "हसा, हसा" म्हणत होतो. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला बरं वाटलं, कोणीतरी रडत होतं म्हणून.

जेवून जा, म्हणून त्यांनी खूप आग्रह केला. मला माझं पान कुठे मांडतात ते बघायचं नव्हतं. बस चुकेल, असं खोटं सांगून निघालो.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. पिट्ठू मांडीवर घेऊन मी खिडकीबाहेर बघत होतो. म्हाताऱ्यावर राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःवर होता. बाबांना त्या रात्री काय काय बोललो होतो, ते एकेक वाक्य आठवत होतं. ते गाव त्यांच्याच डोक्यात आहे, असं म्हणालो होतो मी. आता घरी जाऊन काय सांगायचं? खरं सांगितलं तर त्यांना आपलं बरोबर होतं याचा आनंद झाला नसता. त्यांना स्वतःचंच चुकलं, गाव खरंच बदललं, असं ऐकायचं होतं, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. बाबा ओसरीत खाटेवर बसले होते, माझीच वाट बघत असावेत.

"काढले का फोटो?"

"हाव. सात रोल."

कॅमेरा आत कपाटात ठेवून मी पिट्ठू खिळ्याला अडकवायला वळलो.

"हे कुठी ठेवलं होतं?" बाबांनी विचारलं.

"आतच. देवकाजवळ," मी म्हणालो. "कोणी काही म्हटलं नाही."

"बरं."

मग बाबांनी हात पुढे केला. मला आधी समजलंच नाही. त्यांनी पिट्ठू माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवला. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा चामड्याला हात लावला होता. पट्ट्यांच्या शिवणीत, बकलांच्या खाली, तळाच्या घडीत कुटार अडकलेलं होतं. ते एकेक काडी नखाने काढायला लागले. घाईने नाही, सवयीच्या हाताने. काढलेली काडी डाव्या तळहातावर ठेवत होते. मी समोर उभा होतो. माझं खोटं त्यांच्या तळहातावर जमत होतं. मला रडायला येत होतं, पण त्यांच्यासमोर रडलो असतो तर सगळं सांगितल्यासारखंच झालं असतं.

मूठभर कुटार जमल्यावर बाबा उठले. ते ओसरीबाहेर झटकून टाकलं. मग पिट्ठू घेऊन घरात गेले आणि स्वतःच्या खाकी सदऱ्याच्या खुंटीला, सदऱ्याशेजारी अडकवला.

"पोराले वाढ," ते मायला म्हणाले. "तिथं जेवला नसन तो."