काचेवर न सापडलेला पखवाज

संगणकावर गाणी मिक्स करताना आवाज कमी-जास्त करायला टॅब्लेट घ्यावा की सरकत्या बटणांचा कंट्रोलर, यावर मी महिनाभर डोकेफोड केली. शेवटी टॅब्लेट घेतला. आमच्या श्रीवर्धनकडे खाऱ्या हवेनं दाराच्या कड्या गंजतात, तिथे बटणं किती टिकणार? स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

पहिलंच काम गावच्या भजनाच्या रेकॉर्डिंगचं होतं. त्यात पखवाज बाबांचा. वाजवण्याआधी आवाज घुमावा म्हणून पखवाजाला कणीक लावतानाही ते बघत नाहीत, बोटांनी चाचपतात. माझं मिक्सिंग ऐकायला आले तेव्हाही ते डोळे मिटूनच बसले.

"पखवाज दबलाय," ते म्हणाले. "माझं बटण कुठलं?"

मी त्यांचं बोट काचेवरच्या पखवाजाच्या पट्टीवर नेऊन ठेवलं. त्यांनी ते थोडं वर सरकवलं, उचललं आणि पुन्हा टेकवून वर सरकवलं, ते शेजारच्या टाळांच्या पट्टीवर. टाळ कानठळ्या बसतील असे वाजले.

"जरा बघून करा ना!" मी खेकसलो.

"बघत बसलो तर ऐकू कधी?"

मी चिडून सगळं पूर्वीसारखं केलं, टॅब्लेट पालथा घातला आणि भजन पुन्हा लावलं. पखवाज खरंच दबलेला होता. काचेवर मात्र मी सगळ्या पट्ट्या अगदी एका ओळीत लावून ठेवल्या होत्या.