किंचित उशीर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तिला वाटतं, नागापूरचा तो कारखाना मी पगारासाठी सोडला.

मी तिथे मेंटेनन्सला होतो. पत्रे कापायच्या प्रेसवर सिंधूताई काम करायच्या – मूळच्या देवळाली प्रवराच्या, माझ्या आईच्या वयाच्या. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक किरण असायचा. हात आत गेला, किरण तुटला, की प्रेस जागच्या जागी थांबायची. पण शेजारी वेल्डिंग सुरू झालं की तारांत गोंधळ शिरायचा आणि हात नसतानाही प्रेस थांबायची. मॅनेजर माझ्यावर चिडायचे.

मी त्या तारांत गोंधळ गाळणारा फिल्टर बसवला. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. ट्रान्सफर फंक्शन – आत गेलेल्या सिग्नलपैकी बाहेर किती आणि कसं येतं, ते सांगणारं सूत्र – मला डिप्लोमापासून तोंडपाठ होतं. पण पहिल्या हिशेबाने गोंधळ पुरता थांबेना. मग मी हिशेब सोडला आणि कपॅसिटर वाढवत गेलो. बराच मोठा लावल्यावर प्रेस विनाकारण थांबायची बंद झाली. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. सिंधूताईंनी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यातून शेंगदाण्याची पोळी आणली.

त्या सूत्रात खाली रेझिस्टर आणि कपॅसिटरचा गुणाकार असतो. तो गुणाकार म्हणजे वेळ. तो वाढवला की नको असलेले झटके गाळले जातात – आणि हवा असलेला इशारा उशिरा पोचतो. वेल्डिंगचा गोंधळ काय, माणसाचा हात काय – त्या सर्किटला दोन्ही अचानक आलेले बदलच. हे मला तेव्हा समजलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

पण ते खरं आहे का?

नाही. अपघाताच्या आदल्या आठवड्यात मी प्रेसखाली पुठ्ठा सरकवून पाहिलं होतं. प्रेस थांबली – पण पुठ्ठ्याचा कोपरा चेपून. मी तो कोपरा बोटाने चाचपला. सूत्राचा अर्थ मला त्या क्षणी कळला, तोवर कधीच कळला नव्हता इतका. आणि तरी – कपॅसिटर काढला तर पुन्हा प्रेस अडणार, पुन्हा बोलणी, ती शाबासकीही गेली. किंचित उशीर आहे, एवढंच. मी पुठ्ठा भंगारात टाकला.

सिंधूताईंची दोन बोटं गेली. उजव्या हाताची.

त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. सगळे फाटकाकडे धावले. मी धावलो नाही. मी पॅनल उघडलं, कपॅसिटर कापून काढला आणि खिशात घातला. सरकारी तपासणीचे साहेब आले तेव्हा किरण चोख काम करत होता. बाईचं लक्ष नव्हतं, असं ठरलं. मला विचारलं, तर मीही मान डोलावली.

त्या परत आल्या, त्या पॅकिंगला. मी त्यांची वाट चुकवायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला गाठलं. आवाजात तक्रार नव्हती.

“सर, तुमी शिकलेले हाय. खरं सांगा. मशीन थांबली न्हाई, का माजाच हात उशिरा निघाला?”

आसपास कुणी नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एक शब्द पुरला असता.

“तुमचाच हात, ताई,” मी म्हणालो.

“मलाबी तसंच वाटत हुतं,” त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने खोक्याला दोरी बांधायला लागल्या.

मी वळून माझ्या टेबलापाशी गेलो आणि उरलेला डबा खाल्ला.