दोन इंच जास्तीची सायकल : आगर ते झरी

ताजी माहिती अशी की, गेल्या शनिवार-रविवारी डहाणूहून आणलेली सायकल मला दोन इंचांनी मोठी आहे. झरीच्या रमणभाई धोडींनी आज सकाळी फोनवर त्याला दुजोरा दिला. रमणभाई सायकलवाले नाहीत, शिंपी आहेत. पण माझं माप त्यांनीच घेतलं होतं, त्यामुळे या प्रकरणात त्यांचा शब्द अधिकृत. कुणी अशी सायकल घ्यायला त्या बाजूला जाणार असेल, तर पुढचं वाचून मगच निघावं.

मुळात प्रश्न पाठीचा होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या मणक्याची गादी सरकली आणि सायकल सुटली. सहा महिने मी घरातल्या प्रत्येकाशी भांडलो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "चालवा, पण पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली चालवा. खड्डा पाठीपर्यंत पोचता कामा नये. आणि ती तुमच्या मापाची हवी. मोठी घेतलीत तर हँडल गाठायला वाकाल, आणि पुन्हा माझ्याकडे याल."

बायकोची, म्हणजे विद्याची, अट याहून कडक होती. आमच्या वसईच्या घरात आधीच तीन सायकली आहेत आणि एकही मला बसत नाही. एकीवर ती पापड वाळत घालते. "चौथी शेवटची," ती म्हणाली. "ती मापाची निघाली नाही, तर विषय संपला. सकाळी माझ्याबरोबर चालायला यायचं." चालण्याला माझी हरकत नाही. फक्त चालताना मला सारखं वाटतं की आपण वाहन कुठेतरी विसरून आलोय.

डहाणूजवळच्या आगरला राऊतकाका अशी सायकल विकतायत, हे एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. शनिवारी पहाटे आमच्या जुन्या गाडीने निघालो. अहमदाबाद महामार्गाने चारोटी नाका, तिथून डावीकडे वळून डहाणू. मनोरजवळ ट्रकांची रांग नसेल तर अडीच तास धरा. असेल तर डबा बरोबर ठेवा. आम्हाला होती. पोळी-भाजी मनोरलाच संपली.

राऊतकाका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन मुलांनी सारख्याच रंगाच्या, सारख्याच बनावटीच्या दोन हिरव्या सायकली घेतल्या होत्या. धाकटा ठेंगणा म्हणून त्याची मध्यम मापाची, थोरला उंच म्हणून त्याची मोठी. दोघंही परदेशी गेले. मध्यम आठवड्यापूर्वीच विकली गेली होती. मोठी उरली होती, आणि ओटीवर चादरीखाली उभी होती.

काकांनी चादर काढली, पण मला हात लावू दिला नाही.

"माप आणलंय?"

"कसलं माप?"

"पायाचं. आतल्या बाजूचं, वरपासून टाचेपर्यंत. लेखी."

मी म्हटलं, बसून बघतो ना. काका हसले. "बसून सगळ्यांना बरीच वाटते हो. ही बसल्यावर दबते. शॉकअप आहे ना! म्हणून बसून कळत नाही. पहिलं गिऱ्हाईक असंच बसलं, खूश झालं, आणि तिसऱ्या दिवशी परत घेऊन आलं. तेव्हापासून नियम केलाय. एकतीस इंचांच्या वर असेल त्यालाच मोठी. खाली असेल तर चहा प्या आणि जा."

"घरात टेप असेल ना तुमच्या?"

"माझ्या टेपवर मी विश्वास ठेवायचा, तुम्ही का ठेवायचा? तिसरा माणूस पाहिजे." मग त्यांनी तो तिसरा माणूसही सांगितला. झरीचे रमणभाई धोडी. काकांची रेल्वेची वर्दी छत्तीस वर्षं त्यांनीच शिवली. "मला कधी कुठे काचली नाही," काका म्हणाले. विद्याला हे फार पटलं. मलाही पटलं. बातमीला दुसरीकडून दुजोरा मिळाल्याशिवाय ती छापायची नाही, या शिस्तीत वर्तमानपत्रातली माझी सगळी वर्षं गेली. लेखी कागद आणि त्रयस्थ साक्षीदार म्हटलं की मी विरघळतो.

डहाणू ते घोलवड हा किनाऱ्याचा रस्ता. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडवरून आत वळलं की तलासरी तालुका सुरू होतो, रस्ता चढायला लागतो आणि झरी येतं. रमणभाईंचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक मशीन आणि भिंतीवर टांगलेल्या पंचवीस-तीस खाकी पँटी. आसपासच्या शाळांचे गणवेश तेच शिवतात.

"बेसा, बेसा," म्हणत त्यांनी बाकडं पुढे केलं. "राऊतसाहेबांनी पाठवलं? मग चप्पल काढा." त्यांनी माप घेतलं, खडूने कानामागे खाजवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : साडेएकतीस. मोबदला विचारला तर म्हणाले, "पँट शिवली असती तर घेतला असता. नुसत्या पायाचे काय घेऊ?"

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आपले पाय वाटले होते त्यापेक्षा लांब आहेत, ही बातमी कुणाला नको असते? विद्या माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत होती. "दिसत नाहीत तेवढे," ती म्हणाली. मी चिठ्ठी पुढे केली. लेखी होतं.

संध्याकाळी काकांनी चष्मा लावून चिठ्ठी तपासली, फायलीत लावली आणि सायकल दिली. नव्या किमतीच्या निम्म्याहून कमी. रात्री डहाणूलाच राहिलो. दीड हजारात साधी, स्वच्छ खोली मिळते. जेवायला धाकटी डहाणू बंदरावरच्या ताज्या बोंबिलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. एवढं जेवूनही मी उंच असल्यासारखाच चालत होतो.

रविवारी सकाळी सायकलची परीक्षा घ्यायला पुन्हा घोलवड-झरीच्याच रस्त्याने निघालो, मी सायकलवर, विद्या मागून गाडीत. आधी चांगलं सांगतो. खड्डा दिसायचा, पण लागायचा नाही. दोन वर्षांनी वारा तोंडावर आला. पहिले चार किलोमीटर मी मोठ्याने काहीतरी गात होतो. काय ते आठवत नाही.

मग एक कुत्रा आडवा आला. मी ब्रेक दाबला, पाय खाली सोडले, आणि खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण अंगठ्यापुरतीच. सायकलचा दांडा आणि मी यांच्यात जे अंतर असायला हवं, ते उणे होतं. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं आणि दयेने बाजूला झाला.

तेव्हापासून मी उतरायच्या जागा हेरत पुढे जायला लागलो. या रस्त्याने मोठी सायकल घेऊन जाणाऱ्यांसाठी माहिती देतो. बसथांब्याचा कट्टा उत्तम, डावा पाय अलगद टेकतो. पाण्याच्या पाइपाचा चिरेबंदी चौथरा चालतो. मोऱ्यांचे कठडे चांगले, पण काही ठिकाणी त्यावर लोक आधीच बसलेले असतात, त्यांना लांबूनच विनंती करावी लागते. देवळाची पायरी टाळा, लोक प्रसाद देतात आणि हात मोकळा नसतो.

घोलवडला चिकू विकणाऱ्या एका आजीबाईंच्या पाटीशेजारचा दगड मी हेरला आणि टेकलो.

"काका, उतराला शिडी नाय आणली काय?"

"मापाची आहे, आजी."

"कोणाच्या मापाची?"

विद्या गाडीची काच खाली करून हसत होती. आम्ही दोन किलो चिकू घेतले. खरं तर आजीबाईंनी गप्प बसावं म्हणूनच घेतले.

झरीच्या चढाआधी मान अवघडली. हँडल लांब होतं, हात ताणलेले होते, आणि पाठीत खाली तो जुना ओळखीचा ठणका सुरू झाला. मी विद्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विषय तिथेच संपला असता. नेमका त्याच वेळी चढावरून एक हिरवी सायकल खाली आली.

ताडासारखा उंच माणूस, आणि दोन्ही गुडघे बेडकासारखे बाहेर. प्रत्येक फेरीला एक गुडघा हँडलवर आपटत होता. मी कठड्याला टेकलो. तो दोन्ही पाय सपाट टेकवून, तरीही गुडघे वाकवून, आरामात उभा राहिला. आम्ही एकमेकांच्या सायकलीकडे पाहिलं.

"राऊतसाहेबांची?" त्याने विचारलं.

"राऊतसाहेबांची."

हे पागी गुरुजी, तिथल्या शाळेवर शिक्षक. मध्यम सायकल त्यांनीच घेतली होती. वर्गात जे मूल चार दिवस दिसत नाही, त्याच्या पाड्यावर ते स्वतः जातात. वाट दगडांची, म्हणून शॉकअपवाली सायकल.

"गुडघे लागत नाहीत?" विद्याने विचारलं.

"लागतात ना. पण व्हिडिओमध्ये सगळे असेच गुडघे बाहेर काढून चालवतात, म्हणून मला वाटलं अशीच चालवायची असते."

"माप दिलं होतं?"

"मला वेळ नव्हता मॅडम. जुनी पँट पाठवून दिली रमणभाईंकडे, तिचंच माप त्यांनी लिहून दिलं. धुऊन धुऊन आटली होती ती."

मी त्यांच्या सायकलवर बसलो. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. हात सहज हँडलवर आले. मी त्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारली, आणि पाठ गप्प बसली. परत आलो तेव्हा विद्या सायकल गाडीवर बांधायचा दोर काढत होती. म्हणजे होकार.

अदलाबदल तिथेच झाली असती. पण गुरुजी म्हणाले, "आईला विचारावं लागेल. तिने पूजा केलीय." घर जवळच होतं. सायकलवर हळदकुंकू, हँडलला सुकलेला हार, मागे कॅरियर, कॅरियरवर रंगाने "पागी सर". आई अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"पुजलेली वस्तू अशी कोणाला देत नाय," त्या म्हणाल्या.

"देत नाही गं, बदलतोय."

"म्हणजे साटंलोटं?"

"तसंच समज."

त्यांनी विचार केला. "मग त्यांची पण पूजून येवं दे. कोरी घरात घेणार नाय. आणि आधी तू ती घेऊन पाड्यावर जाऊन ये. तुला बसली तर बदल. नाय बसली तर नाय. आपली हाय ती बरी."

"आई, ही मला लहान आहे."

"लहान हाय तर काय, कामाला येते ना?"

त्यांच्या मुलाची सायकल गुडघ्यांना लागत असली, तरी मुलांच्या घरी पोचत होती. माझी मला फक्त वसईच्या खाडीपर्यंत न्यायची होती.

मोठी सायकल गाडीवर बांधून आम्ही परत आलो. या आठवड्यात मी ती चालवली नाही. विद्याने तिची रीतसर पूजा केली आणि नारळ फोडला. शेजाऱ्यांनी पेढे मागितले, तेही दिले. राऊतकाकांना फोन केला तर ते संतापले, माझ्यावर नाही, फायलीवर. "चिठ्ठी आहे माझ्याकडे! साडेएकतीस!" म्हणून आज सकाळी रमणभाईंना फोन लावला.

"दोन इंच जास्त धरले ना मी," ते शांतपणे म्हणाले. "शाळेच्या पँटीला धरतोच. पोरगा वर्षभर वाढतो, पँट पुरली पाहिजे."

"रमणभाई, मी सत्तावन्न वर्षांचा आहे."

"हां. पण हाताला सवय ना."

विद्या मागून म्हणाली, "वाढतायत ते, पण आडवे."

तर रविवारी सकाळी नऊ वाजता झरीच्या चढाखाली सगळे जमणार आहेत. राऊतकाका नवा कोरा कागद घेऊन येतील. गुरुजी मोठी सायकल घेऊन पाड्यावर जातील आणि परत येतील. बसून आले तर मध्यम माझी. हातात धरून चालत आले तर मी मोठी घेऊन परत, आणि सोमवारपासून विद्याबरोबर चालायला. काल गुरुजींचा फोन आला होता. म्हणाले, "सर, मी खोटं सांगणार नाही हां. नाही बसली तर नाही बसली म्हणेन." मी म्हटलं, अर्थात, अगदी बरोबर. सगळी नोकरी लोकांकडून हेच वाक्य ऐकायला धडपडलो. काल पहिल्यांदाच वाटलं, समोरचा माणूस थोडा कमी प्रामाणिक असता तर बरं झालं असतं.

पाड्याचा रस्ता जाऊन-येऊन चाळीस मिनिटांचा आहे, असं ते म्हणाले. थर्मासमध्ये चहा घेऊन जाणार आहोत.