कानांचे कारण

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचे निम्मे काम कानांनी होते. मशीन चालवून पाहिले की त्याच्या कुरकुरीवरूनच दुखणे कळते. मिस्त्रींचे कान मात्र चाळिशीतच गेले. त्यांच्या आईचेही तसेच गेले होते. पण मिस्त्री हातपाय गाळून बसणाऱ्यांतले नव्हते. मशीनच्या अंगावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि नाडी पाहावी तसे सांगायचे, "मोटरचा पट्टा सैल आहे." आणि तो सैल असायचाच. गिऱ्हाइकांना या गोष्टीची गंमत वाटे, मिस्त्रींना अभिमान.

त्यांची एकुलती एक मुलगी त्याच दुकानात वाढली आणि पुढे तिनेच ते चालवायला घेतले. गल्ली तिला मिस्त्रीण म्हणायची. हाताला तेल, ओठांत स्क्रू, केसांत दोऱ्याचे तुकडे. स्वभावाने वाईट नव्हती, पण एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारलेला तिला खपत नसे. आणि लग्न झाल्यापासून तिला एकच प्रश्न शंभरदा विचारला जात होता.

तिला आणि तिच्या नवऱ्याला मूल नको होते. लग्नाआधीच दोघांनी बागेतल्या बाकावर बसून हे ठरवले होते. मुलांचा तिला कंटाळा होता असेही नाही. गणवेश शिवणाऱ्या बाईंचे बाळ ती मांडीवर घेऊन काम करायची, त्याच्या नाकाला लागलेले तेल आपल्या ओढणीने पुसायची. पण आपले मूल हवे अशी ओढ तिला कधी आतून लागलीच नाही. "साध्या पाहुण्यालाही आपण मनापासून बोलावतो," ती नवऱ्याला म्हणाली होती, "मग ज्याला आल्या पावली परत जाता येत नाही, त्याला लोक म्हणतात म्हणून कसं बोलवायचं?"

नवऱ्याला ते पटले. बाकी कुणालाच पटले नाही. "ओढ काय, झालं की लागते," सासूबाई म्हणाल्या. मावशीने तर सरळ स्वार्थी म्हटले. मिस्त्रीण समजावून समजावून थकली.

त्यात गेल्या वर्षी तिचा उजवा कान दगा देऊ लागला. हे दुखणे रक्तातून आले आहे, पुढच्या पिढीतही उतरू शकते, असे डॉक्टर म्हणाले. नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. डॉक्टरांच्या शब्दाचे वजन त्याला चांगले ठाऊक होते. त्याने त्याच दिवशी आईला फोन लावला. "आई, मुलाचेही कान जातील म्हणून आम्ही नको म्हणतोय." पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "बिचारी गं!" त्या दिवसापासून तो प्रश्न बंद.

"खोटं कशाला सांगितलंस?" ती भडकली.

"पूर्ण खोटं कुठंय? आणि सुटलीस ना एकदाची?"

पूर्ण खोटे नव्हतेच. मशीनची कुरकुर पहिल्यांदा तिच्या कानातून निसटली, त्या संध्याकाळी हा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. म्हणून ती गप्प बसली. चूक झाली ती तिथेच.

काही दिवसांनी सासूबाई आपले मशीन घेऊन दुकानात आल्या. मिस्त्रींना पाहून त्यांना मायेचे भरते आले. मिस्त्रींना ऐकू जावे म्हणून त्या ओरडून बोलल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो! तुमचं कानांचं दुखणं पुढे जायला नको, म्हणून पोर होऊ देत नाहीत ती दोघं! शहाणपणाचंच आहे!"

मिस्त्रींनी मान हलवली, हात पुसले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

मिस्त्रीण त्यांच्या घरी गेली तेव्हा ते खिडकीशी पंखा उघडून बसले होते.

"दुकानात का येत नाही?" ती ओरडली.

"गुडघा दुखतोय."

"कुठला?"

त्यांनी जरा विचार करून डावा दाखवला. मग पाना खाली ठेवला. "माझ्या आईलाही ऐकू येत नव्हतं. तिने तुझ्यासारखा विचार केला असता तर मी नसतो, तूही नसतीस. इतकं काय वाईट झालं गं माझं? तुला कधी उपाशी ठेवलं?"

"बाबा, तसं नाही!"

"काय?"

"तसं नाही म्हणते!" वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

तिला सांगायचे होते की तुम्ही आहात ते फार चांगले आहे. पण म्हणून जे नाही त्याला आणलेच पाहिजे, असे त्यातून निघत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण नाजूक गोष्ट ओरडून सांगता येत नाही. ओरडले की त्या गोष्टीचे भांडण होते. तिने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा ते "काय?" म्हणाले. शेवटी तिचा तोल सुटला.

"कानांमुळे नाही! मला मूल नकोच आहे! आधीपासून! आमचे कान सोन्याचे असते तरी नको होतं!"

मिस्त्रींचा चेहरा उलगडला. "कानांमुळे नाही?"

"नाही!"

"शपथ?"

कुरकुर निसटली ती संध्याकाळ तिला आठवली. "शपथ!"

त्यांनी लांब श्वास सोडला, पाना उचलला आणि म्हणाले, "मग अडचण काय आहे? होऊ दे की एक!"

तिने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात पोचली तेव्हा मिस्त्री आपल्या स्टुलावर हजर. गणवेशवाल्या बाई मशीन घेऊन आल्या होत्या आणि मिस्त्री त्यांना सांगत होते. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. "आमच्या कानांचा काही संबंध नाही हो! तिला नकोच आहे मूल! आधीपासून!"

समोरचा चहावाला गाळणी हातात धरून वळला. बाईंनी मिस्त्रिणीकडे पाहिले. कालपर्यंत त्या नजरेत कीव तरी होती.

"हो का?" बाई म्हणाल्या. "म्हणजे आपलं आपण सुखात राहायचं! आणि म्हातारपणी पाणी कोण देणार गं?"

मिस्त्रिणीने मशीनचा एक स्क्रू काढून ओठांत धरला. बोलण्यासारखे ती सगळे बोलून चुकली होती. जगाला पटणारे एकच कारण तिच्यापाशी होते, ते तिने काल बापाला देऊन टाकले होते.

"काय म्हणतायत?" मिस्त्रींनी विचारले.

तिने ओठांतला स्क्रू काढला. "मशीन कधी मिळेल विचारतायत!"

मिस्त्रींनी तळहात ठेवला, डोळे मिटले. "पट्टा सैल आहे. संध्याकाळी या!"

मिस्त्रीण डावा कान मशीनकडे करून वाकली. मोटर मागे ओढत तिने पट्टा ताणला, आणखी ताणला, आणि तो फटकन तुटला.

"नवा घालावा लागेल," मिस्त्री आनंदाने म्हणाले.