अतिशयोक्तीखाली छापलेलं आमचं गाणं

पोराचं तोंड निळं पडलं होतं आणि माझं बोट त्याच्या घशात होतं. मऊ, ओलं काहीतरी बोटाला लागलं. मी ते नखात धरून ओढलं. दुधात भिजलेली कापसाची गुठळी निघाली, करंगळीच्या पेराएवढी, तिच्यामागे लाळेचा पिवळट धागा. मोठ्या जावेनं पोराला पायांना धरून उलटं केलं आणि पाठीत चापट्या मारल्या. तो ओकला. ओकारीतही कापसाचे तंतू होते. मग रडला.

हे नांदुऱ्याच्या एका जिनात घडलं, दुपारच्या सुट्टीत. जिनात कापसातून सरकी वेगळी काढतात. आम्ही सहा जणी गंजीवरचा कापूस टोपल्यात भरून यंत्रापाशी नेत असू. पोर चार महिन्यांचं होतं. बाहेर दोन खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधून मी त्याला तिच्यात टाकायची. घामेजल्या अंगावर कापसाचा बारीक भुरका चिकटायचा. पदरानं नाकतोंड बांधलं तरी आत जायचा. शिंकरलं की नाकातून मळकी वात निघायची. सुट्टी झाली की छाती पुसायची आणि पाजायचं, पण पुसायचा पदरही तसलाच. त्या दिवशी मी नीट पुसलं नाही. त्याला भूक लागली होती आणि मलाही.

मुकादम आला. म्हणाला, पोराला लांब घेऊन जा, इथं बायका जमतात, काम खोळंबते. जाताना माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. जिनात सगळ्यांनाच गूळ मिळायचा. गुळानं घशातला कापूस खाली उतरतो असं मानत. उतरून कुठं जातो ते सकाळी परसाकडे बसल्यावर दिसायचं.

मी चौथी शिकलेली, जाऊ शाळेच्या दारातही गेलेली नव्हती. पण गाण्याची जोडाजोड तिला यायची. दुसऱ्या दिवशी टोपलं उचलताना तिनं म्हटलं:

थुकलं तं कापूस, खोकलं तं कापूस,
लेकराले पाजलं तं तोंडी त्याच्या कापूस.

पुढं कितीतरी हंगाम आम्ही सहाही जणी ते म्हणत होतो. यंत्राच्या आवाजात मुकादमाला ऐकू जात नसे. पोरगा वाढला. माझा थोरला लेक तोच. त्याची मुलगी आता दहावीला आहे.

ती इथल्याच एका शिकवणीला जाते. तिथल्या सरांनी पोरांना घरच्या म्हाताऱ्यांकडून एकेक जुनं गाणं आणायला सांगितलं होतं. ती माझ्यामागे लागली. मला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं आरती लिहून ने. तिला आरती नको होती, ती सगळेच नेतात. शेवटी मी या दोन ओळी सांगितल्या. कुठल्या, कशाच्या, ते तिनं विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. ही माझी चूक.

आठवड्यानं ती छापलेला कागद घेऊन आली. सगळ्यांना वाटलेल्या नोट्समध्ये आमचं गाणं आलं म्हणून तिला कौतुक वाटत होतं. मी चष्मा लावून वाचलं. वर लिहिलं होतं, अतिशयोक्ती अलंकार. मग आमच्या दोन ओळी. खाली स्पष्टीकरण: एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा फुगवून सांगितली की अतिशयोक्ती होते. दूध पिणाऱ्या बाळाच्या तोंडात कापूस येणे प्रत्यक्षात शक्य नाही, येथे कष्टांचे वर्णन फुगवून केले आहे.

नात सांगत होती की सरांनी ते मोठ्यानं वाचल्यावर वर्गातल्या पोरी शी शी करून हसल्या. सरही हसले.

"आन् तू?" मी विचारलं.

ती कागदाची घडी घालायला लागली. म्हणजे हसली होती.

मी तिला सांगितलं की ते पोर म्हणजे तुझा बाप. बोट घशात घातल्यापासून सगळं सांगितलं, गुठळी केवढी होती तेही. तिनं तोंडावर हात धरला. मला कागदाची किळस आली होती, तिला माझ्या बोलण्याची आली असेल. येऊ दे म्हटलं.

मग तिला म्हटलं, तुमच्या सरांकडे किती अलंकार आहेत ते सगळे सांग. तिनं वही काढली. उपमा म्हणजे हे त्याच्यासारखं म्हणणं. ते मला माहीत होतं, सासू मला रोज म्हशीसारखी म्हणायची. यमक म्हणजे ओळींचे शेवट जुळणं. अनुप्रास म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणं. निर्जीव वस्तू जिवंत माणसासारखी वागते असं दाखवलं तर चेतनगुणोक्ती. एवढी नावं कोण पाठ करतं, मी म्हटलं. ती म्हणाली, आम्ही. पानं उलटता उलटता स्वभावोक्ती आली. जे जसं आहे तसं हुबेहूब सांगणं.

"हेच," मी म्हटलं.

"पण सरानं अतिशयोक्ती देलं व आजी. पेपरात तेच लिवा लागते."

"मंग लिव. तुया बापाच्या तोंडात काई नव्हतं म्हनून लिव."

बोलून गेले. पंधरा वर्षांच्या पोरीला असं बोलायला नको होतं. पण परत घेतलं नाही.

चाचणीत तेच गाणं आलं. अलंकार ओळखा आणि कारण द्या, दोन गुण. तिनं स्वभावोक्ती लिहिलं आणि कारण लिहिलं की हे घडलं आहे. सरांनी लाल शाईनं शून्य दिलं, बाजूला लिहिलं, नोट्स वाचाव्यात. दोन गुणांनी ती पहिल्या तुकडीतून दुसरीत गेली. तिथं तिची एकही मैत्रीण नव्हती. घरी येऊन रडली. आजीमुळं झालं, असं आईजवळ म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी शिकवणीत गेले. सर तरुण, बोलायला गोड. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "आजी, साहित्यात शब्दशः घ्यायचं नसतं."

"तुमी जिनात गेलते का कधी?"

"नाही."

"मंग शक्य नाही म्हनून कोनाले इचारून छापलं?"

ते हसले. मी त्यांनाही सगळं सांगितलं. कापूस ओकारीत निघाला तिथपर्यंत आले तेव्हा त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग कपाटातून नातीचा पेपर काढला, शून्य खोडलं, दोन लिहिलं आणि माझ्यापुढं धरला, लेकराला गोळी द्यावी तसा. उद्यापासून पहिल्या तुकडीत बसू दे म्हणाले.

त्या गुळाच्या खड्याच्या वेळी मी काही बोलले नव्हते. आता बोलले.

"मार्क तिचे हायेत, ते द्या. पन मी त्याच्यासाठी नाही आली. ते 'शक्य नाही' लिवलं ते खोडा."

ते म्हणाले, कागद वाटून झाले, पुढच्या खेपेला बघू.

पुढच्या खेपेचा कागद नातीनं आणून दाखवला. त्यांनी आमचं गाणंच काढून टाकलं होतं. अतिशयोक्तीखाली कुणा नवरीच्या डोळ्यांतल्या पाण्यानं नदीला पूर आला होता. स्वभावोक्तीखाली एक वासरू शेपटी उडवत चरत होतं. किळस आली मला. वासराला जागा आहे. माणसाच्या पोराला नाही.

नातीनं त्या वासराखाली पेननं आमच्या दोन ओळी लिहिल्या. मी सांगितलं नव्हतं. मग तिनं विचारलं की त्या सहा जणी कोण होत्या, आता कुठं आहेत.

मी सांगितलं. माझी जाऊ चाळिशीच्या आत खोकून गेली, शेवटी पाणीही घशाखाली उतरत नव्हतं. दोघी दम्यानं गेल्या. एक बाळंतपणात गेली. एक पोराकडे जळगावला गेली होती, ती मागल्या उन्हाळ्यात गेल्याचं कळलं. सहावी मी. मी आहे आणि तुझा बाप आहे.