पास झालेलं पाणी

सोनबाला पाण्याची पारख होती, हे त्याचा वैरीसुद्धा कबूल करील. निम्मं आयुष्य डोंगरावरच्या कुडपण गावी म्हशी राखण्यात गेलेलं. कुठल्या डबक्याला जनावर तोंड लावेल आणि कुठल्या नाही, हे तो लांबूनच सांगायचा. गुडघे गेले तशा म्हशी विकल्या, आणि तो खाली बाजारगावाच्या सांडपाणी केंद्रावर ठेकेदाराचा ऑपरेटर म्हणून लागला. गटारांचं पाणी तिथल्या टाकीत यायचं, ब्लोअर त्यात हवा सोडायचे, त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खायचे आणि निवळलेलं पाणी नदीत जायचं. सोनबाला ते जिवाणू आपल्याच दावणीचे वाटत. त्यानं त्यांची चाकरी इमानानं केली.

दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत एक ब्लोअर बंद पडला. दुसरा मनात आलं तर चाले. टाकी काळी पडली, नाक धरल्याशिवाय कडेला उभं राहवेना. सोनबानं तीनदा कळवलं. ठेकेदाराचा मॅनेजर मंगेश महिन्याच्या तपासणीच्या बाटल्या घेऊन आला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, नमुना नापास झाला तर ठेका जाईल. ठेक्याबरोबर तुम्हीही जाल. काय ते बघा."

सोनबानं बघितलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ते चालणार नाही. म्हणून सुट्टीला घरी गेला की तो कॅनमधून कुडपणच्या झऱ्याचं पाणी आणू लागला. पण निव्वळ झऱ्याचं पाणी गटाराचं म्हणून कोण खरं मानणार? मग त्यात टाकीतलं पेलाभर. लोक दुधात पाणी घालतात. हा शहाणा पाण्यात घाण घालत होता, आणि तीही मापात! बाटलीवर सही त्याची. दर महिन्याला अहवाल पास. लाज वाटायची, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत जेवढी वाटली तेवढी पुढे वाटेना.

मग एका दुपारी त्याच्या लेकीचा, शकूचा फोन आला. तिचं सासर नदीकाठीच, केंद्राच्या खाली दोन मैलांवर.

"बाबा, आमच्याकडं नळ येतोय! नदीत विहीर मारलीय. साहेब बोलले, वरच्या केंद्राचे दोन वर्षांचे कागद चोख हायेत, नुसती पावडर टाकली तरी चालंल. मामंजी बोलतात, नारळ तुमीच फोडायचा."

सोनबानं फोन ठेवला. खरं बोलावं तर चोवीस बाटल्यांवर सही त्याची, मंगेशनं कुठेच काही लिहिलेलं नाही. गप्प बसावं तर ते काळं पाणी लेकीच्या हंड्यात. त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागलं नाही.

नारळाच्या दिवशी शकूच्या दारात मांडव घातलेला होता. सोनबानं तिला मागच्या पडवीत नेलं. कडेवर आठ महिन्यांचं पोर घेऊन ती हसतच आली. त्यानं सगळं सांगून टाकलं. झरा, कॅन, पेला, सही. सांगताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही.

शकूचं हसू मावळलं. वर्षानुवर्षं डोईवरून हंडे वाहिलेली बाई ती, पण त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

"उकळून पी गो," सोनबा म्हणाला. "पोराला तर न उकळता देऊच नको."

"माज्या घरात उकळीन मी. बाकीच्या साठ घरांना काय सांगू? माजा बाप लबाड हाय म्हणून?"



"आन् नाय सांगितलं," शकू हळू आवाजात म्हणाली, "आन् कुणाचं पोर गेलं, तर मग मी कोण, बाबा?"

मांडवातून तिच्या सासऱ्यानं हाक मारली, "व्याही, या लवकर! सगळी खोळंबलीत."

शकूनं बापाकडे पाहिलं, पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मग ती पुढे झाली, आणि सोनबा तिच्या मागोमाग नारळ फोडायला गेला.